अकरा दगड

खोटा अर्ज लिहायलाही अंगात कसब लागतं आणि ते आपल्या अंगात आहे, हे मला वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी स्वतःला सरळ बाई समजत होते.

सत्तरच्या दशकाची सुरुवात होती. आमचं लेआउट तेव्हा नागपूरच्या अगदी टोकाला होतं. पलीकडे काटोलकडे जाणारा रस्ता, आणि मग शेतंच. आमच्या आधी तिथं संत्र्याचा बगीचा होता. मालकानं झाडं तोडून प्लॉट पाडले आणि आमच्यासारख्या सरकारी नोकरदारांनी ते घेतले. वीस-बावीस घरं होती. कुणाकुणाच्या अंगणात बगीच्यातलं एखादं झाड वाचलेलं होतं, पण त्याला फळ धरत नसे. आमच्या घरासमोर मोठी मोकळी जागा सोडलेली होती. काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, आणि टोकाला दोन बाभळी. माझ्या स्वैपाकघराची खिडकी त्या जागेवर उघडायची.

हंगामात एक संत्रेवाली यायची. काटोल रोडवरच्या एका खेड्यातून पहिल्या एसटीनं टोपली घेऊन उतरायची आणि दुपारपर्यंत आमच्या लेआउटात फिरायची. वय चाळिशीच्या पुढं, कपाळ मोकळं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बगीचा होता तेव्हा ती आणि तिचा नवरा तिथं राखणीला होते, हे तिनं मला ओळखीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "तुमचं चूलघर हाय ना बाई, तिथंच आमची झोपडी होती," असं म्हणून ती माझ्या ओट्याकडे बघत राहिली. मला उगाचच आपण दुसऱ्याच्या घरात न विचारता भांडी लावून बसलोय असं वाटलं.

तिला एकच मुलगी होती. ती त्या वर्षी मॅट्रिकला बसणार होती. पोरगी हुशार होती आणि तिला नागपूरला कॉलेजात शिकायचं होतं. पण राहायचं कुठं? संध्याकाळची एसटी आली तर आली, नाही तर नाही. संत्रेवालीच्या तोंडी दुसरा विषय नसायचा. मग एका सकाळी ती टोपली उतरवायच्या आधीच बोलायला लागली. आमच्या समोरच्या जागेवर मुलींचं होस्टेल होणार होतं. खेड्यातल्या मुलींसाठी एक शिक्षणसंस्था ते बांधणार होती आणि पोरीच्या शाळेत त्याचे फॉर्मसुद्धा येऊन पडले होते. ही बातमी तिला माझ्याआधी लागली होती.

"तुमच्या दारासमोरच राहीन माही पोरगी," ती म्हणाली. "लक्ष ठेवजा बाई."

"ठेवीन की," मी म्हटलं. मनापासून म्हटलं होतं, आणि त्याच आठवड्यात मी अर्ज लिहिला.

बैठक आमच्याच व्हरांड्यात झाली, कारण आमचा व्हरांडा मोठा. शेजारचे निवृत्त ओव्हरसियर पुढारी होते. नोकरी संपली तरी त्यांच्या आवाजातली मजुरांवरची जरब गेली नव्हती. हरकती भराभर निघाल्या. नळाला पाणी तासभर येतं, ते शंभर पोरी पिऊन जातील. पोरी आल्या की मागं सायकलींवर पोरं येतील. आपल्याही घरात वयात आलेल्या मुली आहेत. शांतता जाईल. संस्था छप्पन्न साली दीक्षा घेतलेल्या लोकांची होती. हे अर्जात लिहा असं कुणी म्हटलं नाही, कुणी तोंडातूनही काढलं नाही. पण पाणी, सायकली, शांतता सगळं बोलून झाल्यावर मंडळी जी थोडा वेळ गप्प बसली, ती त्याच्यावरच बसली होती. मीही त्यातच होते. मी वेगळी होते असं आज म्हणायला मला आवडलं असतं.

ओव्हरसियरांनी आमच्या सगळ्या हरकती उडवून लावल्या. "पाणी-बिणी काई चालत नाई गा. ऑफिसात असे अर्ज रद्दीत जाते. मी तिथंच जिंदगी काढली. देऊळ असतं, मसणवटा असता, तर मामला अलग होता."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. पुरुषांच्या बैठकीत बोलायची माझी रीत नव्हती. तरी माझ्या तोंडून गेलं, "लहान मुलं पुरलेली असतील तर?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. यांनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, मान खाली घातली.

त्यांनी मान खाली का घातली ते सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी माझं पहिलं मूल सहाव्या दिवशी गेलं होतं. बाळंतपण सासरी, कन्हानला झालं होतं. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. ते काम पुरुषांचं, आणि आईनं तिकडं जायचं नसतं. हे दुपट्यात गुंडाळून त्याला घेऊन गेले आणि तासाभरानं रिकाम्या हातांनी परत आले. मी खाटेवर होते. दाराआडून सासूबाईंचा आवाज ऐकू आला. "उशाशी मीठ ठेवलं ना? पायाकडं काटे टाकले ना? वरतं चपटा गोटा ठेवला ना?" यांनी तीनदा हो म्हटलं. माझ्या लेकराच्या शेवटाबद्दल मला एवढंच माहीत होतं, तीन प्रश्न आणि तीन हो. जागा कुठली, ते मी विचारलं नाही आणि मला कुणी सांगितलं नाही.

अर्ज मी रात्रीत लिहून टाकला. सदर जागेत पूर्वापार लहान बालकांचं दफन होत आलं आहे. प्रत्येक बालकाच्या उशाशी मीठ, पायाशी बाभळीचे काटे व वर चपटा दगड ठेवण्याचा प्रघात आहे. अशा जागेवर इमारत उभारणं हे मातांच्या भावनांवर... असं बरंच काही. लिहिताना मला रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही मी उपयोग करून घेत होते. वाक्य चांगलं उतरलं की बरं वाटत होतं. ही लाज मी अजून कुणाला सांगितलेली नाही.

पुढच्या रविवारी ओव्हरसियरांनी विहिरीच्या बांधकामातून उरलेले दगड आणवले आणि बाभळींखाली दोन ओळींत मांडले. एकूण अकरा. कमी वाटायला नको आणि जास्त दिसायला नको, हा त्यांचा हिशेब. पुढच्या ओळीत सहा, मागच्या ओळीत पाच. मजुरांनी वर माती टाकली, पाणी मारलं, बाभळीच्या फांद्या तोडून टाकल्या. दोन दिवसांत ते वर्षानुवर्षांचं वाटायला लागलं.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच राहात होत्या. त्यांनी ते खिडकीतून बघितलं आणि त्या दिवसापासून कुरड्या वाळवायला गच्चीच्या त्या बाजूला जाणं बंद केलं. मला म्हणाल्या, "काहून वं, तुले हेच सुचलं? जे नाई ते लिहू नये. लिहिलं का ते येऊन बसते."

मी हसले. शिकलेली होते ना.

नागपूरच्या मार्च-एप्रिलमधली दुपार ज्यानं काढली असेल त्याला वेगळं सांगायला नको. अकरा वाजले की दारं लागायची. खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर पाणी, आणि आत अर्धवट अंधारात सगळं लेआउट निजलेलं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नसे. बारा ते तीन बाहेर जे काही असेल ते एकटंच असायचं. आमच्याकडे भुताची वेळही ती भर दुपारची बाराचीच.

आधी उजवीकडच्या घरातल्या बाईंनी मला हळूच विचारलं, दुपारी काही ऐकू येतं का. मी म्हटलं, कशाचं? त्या म्हणाल्या, काही नाही, मांजर असेल. आमच्या लेआउटात मांजर नव्हतं. मग मागच्या गल्लीतल्या एकीनं सांगितलं की तिच्या कडेवरचं पोर बाभळींकडे बोट दाखवून हसतं आणि बाहेर न्या म्हणून हट्ट करतं. एका घरानं खिडकी विटांनी बुजवली आणि उन्हाचा त्रास होतो असं सांगितलं. खिडकी उत्तरेची होती. दूधवाला पूर्वी ती जागा तुडवत तिरका यायचा. ओव्हरसियरांनी त्याला एका सकाळी बाजूला घेतलं आणि रस्त्यानं फिरून येत जा, उगीच कायले पाय देतं तिथं, असं बजावलं. ज्यांनी दगड मांडले तेच हे सांगत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते अजिबात थट्टा करत नव्हते.

या सगळ्यांनी त्या अर्जावर सह्या केल्या होत्या. ते खोटं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. खाई त्याला खवखवे म्हणावं तर खवखवही एकाच जागी सगळ्यांना कशी? कुणी घाबरून ओरडलं नाही, कुणी मांत्रिक आणला नाही. माणसं फक्त त्या बाजूला बघेनाशी झाली. मीही स्वैपाक करताना खिडकीकडे पाठ करून उभी राहायला लागले. तरी कधी कधी वारा पडला की काहीतरी ऐकू यायचं. तान्ह्या लेकराला भूक लागली की ते रडायच्या आधी जरासं कुरकुरतं ना, तसं. माझी छाती दुधानं भरून यायची. तीन वर्षांनी. मला त्याची इतकी भीती वाटायची की मी ओट्याला धरून खाली बसायची.

अशाच एका दुपारी कडी वाजली. दारात संत्रेवाली होती. टोपली अजून भरलेली होती, म्हणजे तिनं काही विकलं नव्हतं. ती आत आली नाही. उंबऱ्याबाहेर बसली.

"बाई, कागद तुमी लिवला म्हन्ते," ती म्हणाली.

मला वाटलं, आता ही भांडणार. पोरीचं होस्टेल मोडायला निघालात म्हणून शिव्या देणार. मी मनात उत्तरं जुळवायला लागले, पाण्याची, सायकलींची.

"दीक्षेच्या आदल्या साली मले पोरगी झाली होती," ती सांगायला लागली. "हिच्या आधीची. सहा महिन्याची होती. हगवन लागली तिले दोन दिवस. मी तापात पडून होती, मले उठवे ना. माह्या नवऱ्यानं तिले नेलं आन् ठेवून आला. इथंच, बगीच्यात. कुठं ठेवली नाई सांगतलं. इचारलं का उठून जाये. मंग तो बी मेला." तिनं टोपली जवळ ओढली. "मी इथं संत्री काहून इकतो, बाई? सदरकडं भाव चांगला भेटते. पन इथं फिरलं का वाटते, आज तिच्यावरून गेली असन. आज या घराखाली असन, आज त्या."

तिनं पदरानं तोंड पुसलं.

"आन् तुमी लिवलं, उशाशी मीठ, पायाशी काटे. मीठ तर मीच देल्लं होतं, पडल्या पडल्या, गाठोड्यातून काढून. ते कोनालेच माहीत नाई. तुमाले कसं माहीत झालं?"

मीठ सगळेच ठेवतात. तिच्याकडे ठेवतात, आमच्याकडे ठेवतात, सगळ्या मुलखात ठेवतात. एवढं एक वाक्य मी बोलले असते तर सगळं तिथंच संपलं असतं. पण ते वाक्य बोलायचं म्हणजे अर्ज खोटा आहे हे सांगायचं, आणि लेआउटातली वीस घरं माझ्या अंगावर घ्यायची. शिवाय तिचा चेहरा. मी भित्री होते, आणि मला तिची दयाही आली होती. त्यातलं कोणतं जास्त होतं ते मला आजही धड सांगता येत नाही.

"माही कोनती, बाई?" तिनं विचारलं.

मी बोट केलं. "मागच्या ओळीतला तिसरा."

तिसराच का, माहीत नाही. बोट तिकडे गेलं.

त्या दिवसापासून ती रोज यायची. टोपली विकून झाली की बरोबर बाराच्या सुमाराला त्या दगडाशी बसायची. तिनं कुंकू वाहिलं नाही, उदबत्ती लावली नाही. "आमच्यात आता हे देवाधर्माचं करत नाई," तिनं मला एकदा सांगितलं. "पन थे देव थोडीच हाय? पोरगी हाय." ती एक संत्रं सोलायची, फोड हातात घ्यायची आणि दगडावर पिळायची, थेंब थेंब. पोरीला दात आले नव्हते म्हणून रस. मग उरलेल्या फोडी आपण खायची. दगडावर मुंग्या आणि मधमाश्या जमायच्या, ती त्यांना हाकलत नसे. सगळं लेआउट झोपलेलं असायचं आणि मी ताटीआडून बघत असायची. तिचे ओठ हलताना दिसायचे.

आणि मग दगड वाढले. मी ते रोज मोजत नव्हते. पण एका सकाळी पुढच्या ओळीत सातवा दगड दिसला, तो बाकीच्यांसारखा विहिरीचा नव्हता, नदीतला गोल गोटा होता. आठवड्याभरात चौदा झाले. दुपारी अनोळखी बायका येऊन बसायला लागल्या. कुणी रस्त्याच्या कामावरची, कुणी मोळीविकी. त्या एकमेकींशी बोलत नसत. संत्रेवालीनं कुणाला सांगितलं आणि कुणी कुणाला सांगितलं, देव जाणे. इतक्या बायकांना आपलं लेकरू कुठं ठेवलं ते माहीत नव्हतं, हे मला त्याआधी ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, अशी मी एकटीच.

एका दुपारी मी खिडकीतून बघितलं तर डोक्यावरून पदर घेतलेली एक ओळखीची पाठ त्या ओळींकडे चालली होती. सासूबाई होत्या. दोन्ही हातांत वरवंट्याएवढा दगड धरलेला. त्यांनी तो ठेवला, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत आल्या. पाय धुऊन आत आल्यावर मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "दोन गेले होते माहे. दोघाले एकच ठेवला."

त्या संध्याकाळी मी यांना विचारलं, आपलं कुठं आहे? तीन वर्षांत पहिल्यांदा. हे बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत बसले. मग म्हणाले, "कन्हानच्या काठी होतं. पुढच्या पावसाळ्यात पूर आला. ती जागा आता नाही." मला वाटतं तेही तीन वर्षं हे एकटेच सांभाळत होते. त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही.

एप्रिलमध्ये नोटीस आली. जागेची पाहणी करायला ऑफिसातून साहेब येणार होते, जबाब घेणार होते. ओव्हरसियर खुशीत होते. त्याच दुपारी संत्रेवाली मला म्हणाली, "मी बी सांगन साहेबाले. माही पोरगी इथं हाय म्हून. आंगठा देईन."

"अगं, पण तुझी पोर?" मी म्हटलं. "होस्टेल झालं नाही तर ती राहील कुठं? कॉलेजचं काय?"

"जिती हाय ते कुठंबी राहीन," ती शांतपणे म्हणाली. "नाई शिकली तर लगन करून देऊ. पन हिले दुसरी जागा कुठं हाय, बाई? हिच्या छातीवर भिंत कशी घालू देऊ?"

मला रात्रभर झोप आली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एका पोरीला मी जमिनीत घातलं होतं आणि आता तिच्या आईच्या हातून दुसरीला घालत होते.

दुसऱ्या दिवशी संत्रेवाली आली नाही, म्हणून हे ऑफिसला गेल्यावर मी काटोलची एसटी धरली. त्या खेड्यात उतरले, विचारत विचारत तिचं घर गाठलं. आई बगीच्यात तोडीवर गेली होती. पोरगी घरीच होती. ओसरीवर संत्री निवडत बसली होती, मोठी इकडं, बारकी तिकडं. सतरा वर्षांची, दोन वेण्या, आईसारखंच रोखून बघणं. मी कोण ते तिनं न सांगता ओळखलं. पाणी दिलं. भिंतीवर खिळ्याला होस्टेलचा फॉर्म टोचलेला होता, भरलेला.

मी आईची वाट बघायची ठरवलं होतं, पण मला धीर निघाला नाही. मी पोरीलाच सगळं सांगून टाकलं. बैठक, अर्ज, दगड, आणि तिसऱ्या दगडाकडे गेलेलं बोट. तिथं कुणी नाही, बाळ, मी म्हटलं. मी आईला सांगते, साहेबालाही सांगते. तुझं होस्टेल होऊ दे.

तिनं मला मधे तोडलं नाही. संत्री निवडणंही थांबवलं नाही.

"आईले सांगतलं का?" तिनं विचारलं.

"तिलाच सांगायला आले."

"नका सांगू."

मला वाटलं ती घाबरली. मी पुन्हा कॉलेजचं बोलायला लागले. तेव्हा तिनं हात थांबवले.

"काकू, आई संत्री इकून घरी आली का पाय धुवाच्या आधी मले सांगे, आज ह्या घराकडून गेली, आज त्या झाडाखालून गेली. मी लहान असल्यापासून हेच. जेवताना बी तिचंच. मले कधी कधी वाटे का मेली ते मीच हाव आन् थे जिती हाय." हे ती अगदी साध्या आवाजात सांगत होती. "आता महिना-दीड महिना झाला, आई घरी येते तर माह्याशी बोलते. शाळेत काय झालं इचारते. तुमी तिले सांगसान का तिथं काई नाई, तर थे परत शोधाले लागन. मंग मी होस्टेलात राहून काय करू? खिडकीतून तिले फिरताना पाहू?"

मी म्हटलं, "पण हे खोटं आहे."

"हो," ती म्हणाली. "तुमचं हाय. तुमीच सांभाळा."

ती मला एसटीपर्यंत सोडायला आली. एसटी येईपर्यंत आम्ही दोघी उन्हात उभ्या होतो. तिनं माझ्या पिशवीत चार संत्री घातली, मी नको नको म्हणत असताना. मी खिडकीतून मागं बघितलं तेव्हा ती घराकडे वळली होती.

पाहणीच्या दिवशी साहेब दोन मजूर घेऊन आले. पश्चिम महाराष्ट्रातले होते, तरुण, स्वच्छ कपड्यांतले, अशा गोष्टींना न भुलणारे. अठरा दगड होते तेव्हा. साहेबांनी ओव्हरसियरांचं बोलणं अर्धवट ऐकलं आणि मजुरांना म्हणाले, "एक खोदून बघा." मजूर एकमेकांकडे बघायला लागले. मग दोघांनी फावडी जमिनीवर आडवी ठेवली आणि चपला काढून बाजूला जाऊन उभे राहिले. साहेबांनी पुन्हा सांगितलं. ते हलले नाहीत. बारा वाजत आले होते. वारा पूर्ण पडला होता, आणि त्या पडलेल्या वाऱ्यात ती कुरकुर आली. साहेबांनी मान वळवली. त्यांच्याबरोबर सगळ्या लेआउटनं मान वळवली.

साहेबांनी घाम पुसला. "नक्की माहिती कुणाला आहे?" त्यांनी विचारलं.

संत्रेवाली तिसऱ्या दगडाशी उभी होती. तिनं माझं मनगट धरलं. तिच्या मागं तिची पोरगी रिकामी टोपली घेऊन उभी होती आणि माझ्याकडे बघत होती.

"मला," मी म्हटलं. "मीच हिला जागा दाखवली."

साहेबांनी लिहून घेतलं. संत्रेवालीनं अंगठा दिला. मी सही केली. उन्हाळा संपायच्या आत संस्थेनं त्या जागेचा नाद सोडला. ओव्हरसियरांनी सगळ्यांना पेढे वाटले, मी माझा सासूबाईंना दिला, त्यांनी तो गाईला घातला. त्यानंतर आमच्या लेआउटात कुणी कधी त्या अर्जाचं नावही काढलं नाही.

पुढच्या हंगामात टोपली पोरीच्या डोक्यावर होती. आईचे गुडघे गेले होते. मॅट्रिक ती चांगल्या मार्कांनी पास झाली होती, हे तिनं मी विचारल्यावर सांगितलं. मी संत्री घेतली. ती घरोघर फिरली, आणि दुपारी तिची पाठ मला खिडकीतून बाभळींकडे जाताना दिसली. ती तिसऱ्या दगडाशी जाऊन बसली. आईसारखीच, तशीच उकिडवी. तिचे ओठ हलत होते.

मला राहवलं नाही. मी दार उघडलं आणि उन्हात गेले. अर्ज लिहिल्यापासून फक्त पाहणीच्या दिवशी मी तिथं पाय ठेवला होता. मी तिच्या मागं उभी राहिले आणि म्हटलं, "तुला तर ठाऊक आहे गं. मीच सांगितलं ना तुला, इथं कुणी नाही म्हणून. आता आईही येत नाही. मग तू कशाला येतेस?"

तिनं मागं वळून बघितलं नाही.

"मी कॉलेज सोडलं तिच्यापायी," ती म्हणाली. "आता थे इथं नाई, असं कसं चालन, काकू?"

मी तिच्याशेजारी खाली बसले.